गंज आधी बघायचा, मग घासायचा: गाडीचे पार्ट बसवण्यापूर्वी

नवी ब्रेक डिस्क खोक्यातून काढली, पुसून दोन दिवस पडवीत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर केशरी-तपकिरी झाक दिसली, की नवशिक्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असंही वाटून जातं. बहुधा तसं काही नसतं. ब्रेक डिस्क बिडाची असते, म्हणजे आपल्या घावण्यांच्या तव्याची आणि तिची जात एकच. तवा रात्री धुऊन ओलाच ठेवला तर सकाळी त्याच्यावर जे दिसतं, तेच डिस्कवर दिसतंय. आजी तव्याला तेलाचं बोट फिरवून ठेवायची. डिस्कच्या बाबतीत पंचाईत अशी की जिथे पॅड (ब्रेक दाबला की डिस्कला आवळणाऱ्या गाद्या) घासतात तिथे तेल चालत नाही.

मी रत्नागिरीत राहतो. वडिलांची १९९७ सालची मारुती ८०० घरामागच्या शेडमध्ये सवडीनुसार पुन्हा उभी करतोय. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे करायच्या त्या सगळ्या चुका करून झाल्या आहेत. समुद्र जवळ, हवेत मीठ, आणि जून ते सप्टेंबर तर लोखंडाने श्वास घेतला तरी गंज धरतो. हा लेख त्या अनुभवातून आहे: नवा, जुना किंवा भंगारातून आणलेला पार्ट बसवण्याआधी त्याच्यावरच्या वरवरच्या गंजाचं काय करायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गंज कसा काढायचा, हा दुसरा प्रश्न. तो पार्टच्या कुठल्या अंगाला आहे, हा पहिला. नुसत्या हवेत राहणाऱ्या ब्रॅकेटवरचा गंज आणि बेअरिंग बसतं त्या शाफ्टवरचा गंज दिसायला सारखेच असतात, पण एकाला तारेचा ब्रश लावायचा आणि दुसऱ्याला तो दाखवायचाही नाही.

हलका गंज ओळखायचा कसा

पार्ट हातात आला की लगेच पॉलिश पेपर उचलू नका. तेल, चिखल, जुनं ग्रीस काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या रंगाच्या ब्रशने घासा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा, पुसा, वाळवा. पेट्रोल वापरू नका. गॅरेजमध्ये सर्रास वापरतात, पण बंद शेडमध्ये त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीला पुरते.

आता उजेडात धरा आणि अंगठ्याने चोळा. बोटाला तांबडी पूड लागली आणि खाली धातू गुळगुळीत असेल, तर तो हलका गंज. मग नख फिरवा. नख कुठे अडलं, तर तिथे खड्डा आहे, गंज आत उतरलाय. ही नखाची परीक्षा पुढे वारंवार लागेल. तिसरा प्रकार पापुद्र्यांचा. पेचकसाच्या टोकाने खरवडलं की खवले निघतात. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो आणि थरांनी सुटतो. ज्यावर भार येतो असा पार्ट, म्हणजे लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा), स्टिअरिंगचा रॉड, सस्पेन्शनचा ब्रॅकेट, पापुद्रे सोडत असेल तर त्याला पॉलिश करत बसू नका. तो भंगारात द्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून दुसरा आणायला लागणारा वेळ परवडतो.

एखाद्या बोल्टवर किंवा क्लिपवर पांढरी पूड दिसली तर तो लोखंडाचा गंज नव्हे. तिथे जस्ताचा मुलामा झिजतोय. ती पूड ओल्या फडक्याने पुसा आणि थांबा. जोरात घासलंत तर उरलेलं जस्तही जाईल आणि मग खरा गंज सुरू होईल.

तीन ढीग करा

मी जमिनीवर गोणपाट अंथरतो आणि सगळे पार्ट तीन ढिगांत लावतो. एकाच पार्टची दोन अंगं दोन वेगळ्या ढिगांतली असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

पहिला ढीग नुसत्या हवेत राहणाऱ्यांचा: ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, आर्मचा बाहेरचा भाग, ब्रेक ड्रमची बाहेरची बाजू, कॅलिपरची (पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पाठ. इथे मोकळा हात आहे. घासा, रसायन लावा, रंगवा.

दुसरा ढीग टेकणाऱ्यांचा. जिथे एक धातू दुसऱ्याला चपखल चिकटून बसतो: हबचं (ज्या गाभ्यावर डिस्क आणि चाक बसून फिरतात त्याचं) तोंड आणि डिस्कची मागची बाजू, चाक बसतं ती जागा, बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याचा) निमुळता दांडा, इंजिनचं माउंटिंग, बॅटरीची अर्थिंगची जागा. इथे गंज पूर्ण काढायचा, पण त्या जागी रंग लावायचा नाही. रंगाचा थर दोन धातूंच्या मध्ये अडकतो, पुढे दबतो, आणि घट्ट केलेला नट त्या प्रमाणात ढिला होतो.

तिसरा ढीग घासणाऱ्यांचा आणि फिरणाऱ्यांचा. डिस्कचं तोंड, ड्रमचा आतला भाग, फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक, ज्यावर क्लच घासतो), ऑइल सील बसतं तो शाफ्ट, बेअरिंग, सिलिंडरचं भोक. इथे जितका कमी हात लावाल तितकं चांगलं. बेअरिंगच्या गोळ्यांवर किंवा रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) गंजाचा एक ठिपका असला तरी बेअरिंग बदला. पॉलिश करून वाचवलेलं बेअरिंग दोन महिन्यांत घुमायला लागतं. व्हील सिलिंडरच्या किंवा मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या नळकांड्यांच्या) भोकात नख अडलं तर तोही बदला. तिथे रबर घासतं, आणि खड्ड्यातून ब्रेक ऑइल गळतं.

हाताने घासणं

हलक्या गंजासाठी सगळ्यात भरवशाचं हत्यार हात हेच. पहिल्या ढिगाला तारेचा ब्रश, कोपऱ्यांना जुना टूथब्रश किंवा पितळी तारेचा लहान ब्रश, मग ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर. रंग द्यायचा असेल तर १२० वर थांबा. फार गुळगुळीत केलं तर प्रायमर पकडत नाही.

ग्राइंडरला लावायचा तारेचा कप मोहात पाडतो. दहा मिनिटांचं काम एका मिनिटात होतं खरं, पण त्याच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. माझ्या शर्टात एकदा तीन रुतलेल्या होत्या. चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला गॉगल घाला, हातमोजे जाड घ्या आणि मास्क लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाला हा कप लावायचाच नाही. तो गंजाबरोबर मशिनिंगची सपाटीही खातो.

जुन्या गाडीचे ड्रम उघडले असतील तर आतली काळी पूड फुंकू नका, हवेच्या नळीने तर मुळीच उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

सील बसतो त्या शाफ्टवर डाग असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून शाफ्टभोवती गोल गुंडाळा आणि गोलच फिरवा. लांबीच्या दिशेने घासलंत तर बारीक उभे ओरखडे पडतात, आणि तेल त्याच चरांतून बाहेरची वाट शोधतं.

लिंबूफुलाचं भांडं

कोपरे-खाचा फार असलेले छोटे पार्ट हाताने घासून हात दुखतात. त्यांना भिजवणं बरं. विकतची रसायनं आहेत, चांगलीही आहेत, पण सुरुवातीला वाण्याकडचं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. प्लास्टिकची बादली घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. पार्ट पूर्ण बुडाला पाहिजे, नाहीतर पाण्याच्या रेषेवर कायमचा पट्टा उमटतो. झाकण घट्ट लावू नका, कारण बारीक बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे असतात. दर तासाने काढून ब्रश मारून बघा. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो. रात्रभर विसरलात तर चांगला धातूही खरवडला जातो. बिडाचे पार्ट बाहेर काढले की काळपट दिसतात. ती काजळी गंज खाल्ल्यानंतर वर राहिलेल्या कार्बनची, आणि ती फडक्याने पुसली जाते.

व्हिनेगरनेही हेच होतं, जरा हळू आणि घरभर वास पसरवून. चिंच-कोकमाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात म्हणून लोखंडालाही तोच उपाय करणारे भेटतात. तिथेही काम आम्लाचंच, पण फार सौम्य. पाहुण्यांसाठी केलेलं सार त्यात घालवू नका.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र या कामात अजिबात आणू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज झटकन खातं, हे खरं आहे. पण त्यातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसून राहतं आणि धुतल्यावरही गंज पुन्हा बोलावतं. त्याहून वाईट म्हणजे त्याची वाफ. मी त्या ॲसिडची अर्धी बाटली बूच नीट न लावता शेडमध्ये ठेवली होती. पंधरा दिवसांनी भिंतीवर टांगलेले सगळे पाने, कानशी, अगदी न वापरलेली ड्रिलची टोकंसुद्धा तांबडी झालेली. एका गंजलेल्या ब्रॅकेटपायी अख्खी पेटी घासत बसलो. आणि असं ॲसिड ब्लीचिंग पावडरच्या जवळपास गेलं तर विषारी वायू तयार होतो, तो प्रकार वेगळाच.

काही गोष्टी कुठल्याच आम्लात बुडवायच्या नाहीत. स्प्रिंगा, टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे), आणि ज्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला आहे ते बोल्ट. इतक्या कडक पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट घट्ट करताना काही कळत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी तो भाराखाली मोडतो. असे बोल्ट पितळी ब्रशने साफ करा, नाहीतर नवे घ्या. जस्ताचा मुलामा असलेले आणि ॲल्युमिनियमचे पार्टही बादलीबाहेर ठेवा. रबरी बूश असलेला आर्म बुडवण्याऐवजी फडकं भिजवून फक्त गंजाच्या जागी गुंडाळा.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढायची पद्धतही आहे. ती चांगली चालते, पण पहिल्याच महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर पार्ट ऋण टोकाला, धन टोकाला साधं लोखंड, काम उघड्यावर. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरतं.

धुणं आणि वाळवणं, इथेच बहुतेक फसतात

आम्लातून निघालेला उघडा धातू फार हळवा असतो. बघता बघता त्याच्यावर पिवळसर झाक येते. पावसाळ्यात तर मी फडकं शोधून परत येईपर्यंत आलेली पाहिली आहे. म्हणून बादलीत हात घालण्याआधी पुढची सगळी तयारी शेजारी मांडून ठेवा.

पार्ट काढला की साध्या पाण्याने धुवा. मग एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुचकळा, म्हणजे खाचांतलं आम्ल मरतं. मग कढत पाणी ओता. गरम झालेला धातू स्वतःच पाणी उडवून टाकतो. आजी तवा धुतला की पुन्हा चुलीवर चढवायची ते याचसाठी. आपण पार्ट गॅसवर ठेवायचा नाही, हेअर ड्रायर किंवा दुपारचं ऊन पुरे. बोल्टच्या भोकांत, शिवणीत, दुमडीत पाणी लपतं, तिथे जास्त वेळ गरम हवा द्या.

वाळल्यावर उघड्या हाताने धरू नका. घामात मीठ असतं, आणि दोन दिवसांनी पार्टवर तुमच्याच बोटांचे तांबडे ठसे दिसतील.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल एक खुलासा. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. ते १९५३ साली अमेरिकेत याच कामासाठी बनलं. धुतल्यावर खाचांतलं पाणी हाकलायला ते उत्तम. पण ते महिनोन् महिने गंज रोखेल किंवा ग्रीसचं काम करेल अशी आशा धरू नका, आणि रंग द्यायचा असेल तर ते आधी पूर्ण पुसून काढावं लागतं.

गंज बदलणारं रसायन

खाचांत थोडा गंज उरतोच. त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर मिळतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, किंवा टॅनिन, किंवा दोन्ही. गंजाशी त्याची प्रक्रिया होऊन काळा, टिकाऊ थर बनतो. हे आपल्याकडे कुणाला नवं वाटायला नको: हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, आणि हिरडा नि हिराकस मिळून काळी शाई व्हायची, ती याच लोखंड-टॅनिनच्या जोडीने.

याला काम करायला गंज लागतो. स्वच्छ चकचकीत धातूवर टॅनिनचा कन्व्हर्टर फासण्यात अर्थ नाही. सुटे खवले आधी काढा, तेलाचा अंश पुसा, पातळ थर लावा आणि डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ वाळू द्या. काळा झाला म्हणजे झाला असं समजून तासाभरात रंग चढवू नका. आणि हे फक्त पहिल्या ढिगासाठी. हबच्या तोंडावर कन्व्हर्टर लावला तर गंजाच्या जागी दुसरा थर आला, एवढंच.

रंग कुठे, तेल कुठे, काहीच नाही कुठे

पहिल्या ढिगाला दोन पातळ हात प्रायमर आणि वर दोन हात रंग. आपल्याकडे रेड ऑक्साईड लावून काम संपलं असं मानायची खोड आहे. घराच्या ग्रिलपासून गाडीच्या चासीपर्यंत सगळीकडे तो लालसर रंग वर्षानुवर्षं तसाच दिसतो. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी आत जातं. वर रंग हवाच. गाडीखाली बसणाऱ्या पार्टला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मिळाला तर तो जास्त टिकतो. भर पावसात रंगवू नका. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. दुपारी ऊन असताना, पार्ट हाताला जरा उबदार लागेल तेव्हा मारा. टेकणाऱ्या जागा, आटे आणि भोकं आधी मास्किंग टेपने झाका.

दुसऱ्या ढिगाला फक्त स्वच्छ, कोरडा धातू. बॉल जॉइंटच्या निमुळत्या दांड्याला ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नका. तो कोरड्या घर्षणावरच पकडतो. अर्थिंगची जागा चकचकीत करून वायर घट्ट बसवा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग वायर असा क्रम नको.

तिसऱ्या ढिगात तेलात राहणाऱ्यांना तेल. ब्रेक आणि क्लचच्या घासणाऱ्या तोंडांना काहीच नाही.

लगेच बसवायचं नसेल तर पार्ट ज्या कागदात गुंडाळून आला तो फेकू नका. अनेक नव्या पार्टसोबतचा तो मेणचट वाटणारा कागद गंज रोखणारी वाफ सोडतो. तो नसेल तर तेलाचा हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि बंद डब्यात ठेवा. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते. वर्तमानपत्र ओल शोषून पार्टलाच चिकटवून ठेवतं.

हब आणि डिस्क: माझी दीड महिन्याची फजिती

या जागेवर मी जरा रेंगाळणार आहे.

मी पुढच्या दोन्ही डिस्क नव्या घातल्या. डिस्क स्वच्छ पुसली होती, हबकडे मात्र नीट पाहिलंच नाही. तो गंजलेला होता, पण डिस्क बसली, नट आवळले गेले, मग काय हरकत? पहिले दोनेक आठवडे गाडी छान चालली. मग ७० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. डिस्क वाकडी आहे असं सगळ्यांनीच सांगितलं. लेथवर नेऊन तोंड मारून, म्हणजे तासून सपाट करून घेतलं. पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. पुन्हा लेथ. तिसऱ्या वेळी डिस्क काढून हबवर टॉर्च मारला, तर एका बोल्टजवळ नखाएवढा गंजाचा कपचा.

हिशोब असा आहे. हबचं तोंड १३० मिमी व्यासाचं आणि डिस्क २३० मिमीची धरली, तर हबच्या कडेला असलेल्या ०.०५ मिमीच्या कपच्याने डिस्कची बाहेरची कड जवळजवळ ०.०९ मिमीने डगमगते. वहीचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे कपचा कागदाच्या निम्म्या जाडीचा. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्कच्या डगमगीची मर्यादा ०.१ मिमीच्या आतच दिलेली असते. ब्रेक न दाबताही ती डगमगणारी बाजू प्रत्येक फेरीला पॅडला चाटून जाते, तिथे डिस्क पातळ होत जाते, आणि जाडी कमी-जास्त झाली की पेडल आणि स्टिअरिंग थरथरतात. म्हणूनच त्रास पहिल्या दिवशी होत नाही, उशिरा सुरू होतो, आणि दोष डिस्कवर जातो.

आता मी करतो ते असं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना उटी (दगड किंवा लाकडाचा अडसर), जॅकवर उचलून स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात खाली घालायचा नाही. हबचं तोंड आधी पितळी ब्रशने, मग सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या १२० च्या पेपरने. बोटांनी पेपर धरला तर कडा गोल होतात. प्रत्येक बोल्टच्या बुडाशी गंजाचं कडं साचतं, ते काढायला लहान ब्रश गोल फिरवावा लागतो. मधल्या उंचवट्याची कड, जिच्यावर डिस्क बसते, तीही स्वच्छ. मग डिस्कची मागची बाजू. शेवटी दोन्हीकडे ब्रेक क्लीनर आणि पांढरं फडकं. फडक्यावर तांबडं उमटेनासं होईपर्यंत पुसायचं. पांढरंच फडकं घ्या, काळ्या चिंधीवर काही कळत नाही.

डिस्क पुन्हा चिकटू नये म्हणून हबला कॉपर ग्रीस लावणारे खूप आहेत. मी फक्त मधल्या उंचवट्याच्या कडेला बोट टेकवल्यासारखं लावतो. तोंडावर नाही, आणि चाकाच्या बोल्टच्या आट्यांवर तर नाहीच. मॅन्युअलमधला टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तोच आकडा लावला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

बाकीच्या जागा

डिस्कच्या तोंडावरचा हलका गंज घासायची गरज बहुधा पडत नाही, पहिल्या काही ब्रेकांत पॅडच तो काढतात. नव्या डिस्कवर मात्र गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. रॉकेलने पुसून थांबू नका, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. जुनी डिस्क असेल तर कडेवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि व्हर्नियरने मोजा. कमी भरली तर गंजाचा विचारच सोडा.

कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये पॅड सरकतात त्या खाचांत पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात. त्यांच्या खाली गंज वाढला की क्लिप उचलली जाते आणि पॅड अडकतो. क्लिप काढून सपाट कानशीने फक्त गंज खरवडा, बीड खाऊ नका. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच हवं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडच्या लोखंडी पाठीवर हलका गंज चालेल, पण पाठ आणि लायनिंगच्या (घासणाऱ्या थराच्या) मधल्या सांध्यात गंज शिरून लायनिंग उचलली असेल तर पॅड फेका.

फ्लायव्हीलचं तोंड १२० च्या पेपरने लहान-लहान गोल हातांनी घासा, एकाच दिशेने चर पाडू नका, मग क्लीनर. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांवरची तांबडी पूड काढून क्लचसाठीच्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. जास्त झालं तर फिरताना उडून क्लच प्लेटवर जातं, आणि मग सगळं पुन्हा उतरवा.

गंजलेले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नवे कापायला जाऊ नका, त्यात धातू जातो. तारेचा ब्रश मारा आणि हाताने नट फिरवून बघा. बोटांनी शेवटपर्यंत गेला तर ठीक. मध्येच अडला तर जोर न करता मागे घ्या, साफ करा, पुन्हा बघा.

ब्रेकचे लोखंडी पाइप ही वेगळी गोष्ट. वरवर तांबूसपणा असेल तर पुसून ग्रीसचा हात पुरतो. खड्डा दिसला तर पाइप बदला आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. किंबहुना ब्रेकचं पहिलं काम घरी केलंत तर रस्त्यावर नेण्याआधी एकदा अनुभवी डोळ्यांखालून घाला. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी माझी उलटी बसवलेली क्लिप दोन सेकंदांत दाखवली होती, चहाचा कप हातातून खाली न ठेवता.

बसवल्यावर

पेडल आधी जागेवरच दाबून कडक करून घ्या. पॅड मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल पोकळ जातं. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगापासून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने पंधरा-वीस वेळा वेग कमी करा, मध्ये डिस्क गार व्हायला थोडं अंतर द्या, आणि गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

पावसात भिजून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी तांबडी दिसते आणि पहिल्या ब्रेकला खरखर येते. दोन-तीन ब्रेकांत ती जाते. त्यानंतरही आवाज राहिला, किंवा पेडल पायाखाली धडधडलं, तर चाक उतरवा आणि डिस्क लेथवर नेण्याआधी हबवर टॉर्च मारून बघा.